काथ्याचं भूवस्त्र: डोंगरवाटेच्या कडेला उत्तम, वाटेवर मात्र नको

गर्दीच्या डोंगरवाटांची दुखणी साधारण सारखीच असतात. पायाखाली माती दाबली जाते, पाणी जिरेनासं होतं आणि वाटेनेच खाली धावू लागतं. दोन-चार पावसाळ्यांत वाटेची घळ होते. घळीतून चालणं नको म्हणून लोक कडेच्या गवतावरून जातात, ते गवत मरतं आणि शेजारी दुसरी घळ सुरू होते. त्यात वळणं टाळून सरळ चढणारे शॉर्टकट असतातच. असे उघडे पडलेले उतार झाकायला काथ्याची विणलेली जाळी मिळते. तिला कॉयर जिओटेक्स्टाइल किंवा भूवस्त्र म्हणतात आणि माल मुख्यतः केरळातून, अलप्पुळा भागातून येतो. गडसंवर्धनाचे गट आणि गिर्यारोहण संस्था हल्ली तिची चौकशी करतात, म्हणून हे परीक्षण.

आधी निकाल सांगून टाकतो. बंद केलेला शॉर्टकट आणि वाटेच्या कडेचा उघडा उतार, या दोन जागांसाठी हिला तोड नाही. पण चालत्या वाटेवर अंथराल तर पैसे पाण्यात. बुटाची टाच दोरीत अडकते, विण सुटते, आणि उतरताना कुणीतरी तोंडावर आपटतो.

जाळी वजनावर ओळखतात: चौरस मीटरला ४००, ७०० आणि ९०० ग्रॅम. ४०० ची विण विरळ. हलक्या उताराला आणि भरपूर माती असलेल्या जागेला ती पुरते, पण गुरांचे खूर तिच्यात अडकतात. ९०० इतकी दाट की गवताचे कोंब वर यायला झगडतात, शिवाय अंगाने ताठ असल्यामुळे खडबडीत जमिनीवर नीट बसत नाही. सह्याद्रीतल्या मुरमाड, उभ्या उतारांसाठी ७०० घ्यावी. घेताना आयएस १५८६९ या भारतीय मानकाप्रमाणे माल आहे का ते विचारा आणि गुंडाळी वजन करून घ्या. ५० मीटर लांब, २ मीटर रुंद, ७०० ग्रॅमची गुंडाळी ७० किलोच्या आसपास भरायला हवी. ओलसर माल वजनात फसवतो, म्हणून हात आत घालून पाहा. दोरी दोन पदरी आणि पिळाची असावी. चिमटीत घासल्यावर नुसता भुसा गळत असेल तर तो माल परत करा.

७० किलोचं ओझं गडाच्या माचीपर्यंत कोण नेणार? १ मीटर रुंदीची गुंडाळी मागवा आणि पायथ्याला १०-१० मीटरचे तुकडे करा. तुकडा ७ किलोचा होतो, एक माणूस सहज नेतो. कापण्याआधी कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सुतळीने आडवी शिवण घाला, नाहीतर वर पोचेपर्यंत कडेच्या दोऱ्या उसवलेल्या असतात.

आता खरं काम, आणि त्यात जाळीचा नंबर शेवटचा. वरून येणारं पाणी आधी वळवा. वाटेला काटकोनात नाही, तर तिरका दगडी आडबांध घाला. दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत हवा आणि बांधाचं खालचं टोक वाटेबाहेर, गवताळ किंवा खडकाळ जागेत उघडायला हवं. चढ उभा असेल तर बांध एकमेकांच्या जवळ घालावे लागतात. बांध काटकोनात घातला की त्यामागे गाळ साचतो आणि पहिल्याच मोठ्या सरीत पाणी वरून उडी मारतं. हे न करता जाळी टाकली तर पाणी तिच्याखाली शिरून माती घेऊन जातं. वरून सगळं ठीक दिसतं, आत पोकळी.

मग उतार सारखा करा, सुटे दगड काढा, स्थानिक गवताचं बी टाका. हरळी किंवा मारवेलचे ठोंब मात्र जाळी घातल्यावर तिच्या भोकांतून लावता येतात. उताराच्या माथ्यावर ३० सेंटिमीटर खोल चर खणून जाळीचं टोक त्यात पुरा, माती भरून ठोका. जाळी वरून खाली सोडा आणि ती ताणू नका. ताणलेली जाळी खोलगट जागी जमिनीला टेकत नाही, आणि जिथे टेकत नाही तिथे माती धरत नाही. शेजारचे पट्टे १५ सेंटिमीटर एकमेकांवर यावेत. खाली जोड आला तर वरच्या तुकड्याचं टोक खालच्या तुकड्यावर हवं. उलटं केलं की जोडातून पाणी आत. खुंट्या बांबूच्या, ३० सेंटिमीटरच्या. मधल्या भागात मीटरला एक, जोडावर अर्ध्या मीटरला एक. मुरमात बांबू जात नाही, तिथे आधी पहारीने भोक पाडा किंवा ६ मिलिमीटर सळईचे यू आकाराचे आकडे वापरा. शॉर्टकट बंद करताना दोन्ही तोंडांशी मोठे दगड आणि काटेरी फांद्या टाका, कारण नुसती जाळी पाहिली की लोकांना ती चालण्यासाठीच अंथरलीय असं वाटतं.

वेळ मे महिन्याच्या उत्तरार्धाची. फेब्रुवारीत घातलेली जाळी वणव्यात जाऊ शकते. सुका काथ्या छान पेटतो. पहिल्या पावसात जाळीतून चहाच्या रंगाचं पाणी उतरतं. ते काथ्यातलं टॅनिन, काळजी नको.

टिकाऊपणात काथ्या तागाला मागे टाकतो. तागाची जाळी स्वस्त, पण एखाद्या पावसाळ्यात कुजते. काथ्या दोन-तीन वर्षं धरतो आणि तेवढ्यात गवताची मुळं बसतात. प्लॅस्टिकची जाळी टिकेल जास्त, पण तिचे तुकडे डोंगरभर होतात आणि सापही तिच्यात अडकून मरतात, ती नकोच.

दोन ठिकाणी सांभाळून. संरक्षित किल्ल्यावर मातीखाली जुनं जोतं असू शकतं, म्हणून खुंटी ठोकण्याआधी पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी घ्या, आणि राखीव जंगलात वनखात्याची. आणि कासच्या पठारासारख्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, बाहेरून आणलेलं गवताचं बी अजिबात टाकू नका. तिथल्या पातळ मातीवरची काही फुलं दुसरीकडे मिळत नाहीत.

पहिल्या पावसाळ्यात दोन-तीनदा तरी फेरी मारावी लागते. आडबांधामागचा गाळ उपसायचा, निघालेल्या खुंट्या पुन्हा ठोकायच्या, गुरं चरायला येत असतील तर गुराख्यांशी बोलून एक हंगाम ती जागा मोकळी ठेवायची. सळईचे आकडे वापरले असतील तर ते मोजून ठेवा. काथ्या कुजल्यावर ते गवतात उघडे राहतात आणि पायात अडकतात, म्हणून तिसऱ्या वर्षी मोजणीप्रमाणे सगळे उपटून खाली आणा.