‘द फ्लाय’ : लांगलान यांची कथा आणि तिची रूपांतरे

जॉर्ज लांगलान यांची ‘द फ्लाय’ ही कथा खून होऊन गेल्यावर सुरू होते. अपरात्री फ्रान्स्वा दलांब्रच्या घरी फोन वाजतो आणि त्याची भावजय एलेन त्याला सांगते, की तिने आपल्या नवऱ्याला, म्हणजे फ्रान्स्वाच्या भावाला, ठार केले आहे आणि पोलिसांना आता त्यानेच बोलवावे. कारखान्यातल्या वाफेवर चालणाऱ्या अवजड घणाखाली आंद्रेचे डोके आणि एक हात चिरडलेला सापडतो. एलेन गुन्हा नाकारत नाही, पण कारणही सांगत नाही, आणि घण एकदा पडून काम झाले असताना तो दुसऱ्यांदा का पाडला, हे कोडे इन्स्पेक्टर शारासना काही केल्या सुटत नाही. तिला वेड लागले असे मानून तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. पुढे आंद्रेचा लहान मुलगा सहज बोलता बोलता काकाला पांढऱ्या डोक्याच्या एका माशीबद्दल सांगतो, तेव्हा कुठे फ्रान्स्वाच्या हाती पहिला धागा लागतो.

जून १९५७ च्या ‘प्लेबॉय’ मासिकात ही कथा प्रथम छापली गेली. विज्ञानाचा प्रयोग अंगाशी येण्याच्या भयकथा त्याआधीही पुष्कळ होत्या, पण इतक्या थोड्या पानांच्या कथेतून पाच चित्रपट आणि एक ऑपेरा निघावा, असे भाग्य फार थोड्या कथांच्या वाट्याला आले आहे. मूळ कथा आणि तिची सगळी रूपांतरे लागोपाठ घेतल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. या कथेतली खरी भीती माशीच्या डोक्यात नाही. आपल्या माणसाची दशा डोळ्यांनी पाहून शेवटी त्याच्याच सांगण्यावरून त्याला मारण्याची वेळ जिच्यावर येते, त्या बाईच्या वाट्याला ती आली आहे. हे ज्या दिग्दर्शकाला उमगले त्याचा चित्रपट उभा राहिला आणि ज्याला उमगले नाही त्याच्याकडे मुखवटा तेवढा उरला.

लांगलान यांच्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्यांचे आयुष्य या कथेपासून फार लांब नाही. ते पॅरिसमध्ये जन्मलेले इंग्रज. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तहेर म्हणून जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरण्यापूर्वी, ओळख पटू नये म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करण्यात आली होती. पुढे ते पकडले गेले आणि १९४२ मध्ये मोझाकच्या छावणीतून निसटले. आपला चेहरा बदललेला पाहण्याचा अनुभव असलेल्या माणसाने, चेहरा गमावलेल्या नवऱ्याची आणि त्याच्याकडे पाहू न शकणाऱ्या बायकोची गोष्ट लिहावी, हा योगायोग आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. पण कथा वाचताना तो मनातून जात नाही.

कथेचा गाभा म्हणजे एलेनने इस्पितळात लिहिलेला जबाब. आंद्रेने वस्तूचे अणू विलग करून दुसऱ्या जागी पुन्हा जुळवणारे यंत्र बनवले आहे. पहिल्या प्रयोगात राखदाणीच्या तळाची ‘मेड इन जपान’ ही अक्षरे उलटी उमटतात. नंतर घरातले मांजर यंत्रात जाते आणि परत येतच नाही. ही लहानशी अपयशे लांगलान इतक्या साध्या स्वरात सांगतात, की आंद्रे स्वतः यंत्रात शिरतो तेव्हा काय होणार हे आपल्याला त्याच्याआधी कळलेले असते. आत त्याच्याबरोबर एक माशी असते, आणि बाहेर येताना दोघांचे डोके आणि एक हात यांची अदलाबदल झालेली असते. त्यानंतरचा भाग तर नीट थांबून वाचावा. बंद दाराखालून टाइप केलेल्या चिठ्ठ्या येतात, कारण त्याला आता बोलता येत नाही. तो दूध मागतो, त्यात थोडी रम घालायला सांगतो, आणि आत आलेल्या एलेनला डोक्यावर कापड घेतलेला नवरा दिसतो. पलीकडच्या खोलीतून दूध भुरकल्याचा आवाज तेवढा तिच्या कानी येतो. मग तिच्याच आग्रहाखातर तो पुन्हा एकदा यंत्रातून जातो आणि आधीपेक्षा भयंकर होऊन बाहेर येतो, कारण त्या हरवलेल्या मांजराचे अणूही आता त्याच्यात मिसळलेले असतात. प्रेमापोटी धरलेला हट्ट त्याची उरलीसुरली आशा संपवतो, आणि हे तिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवावे यातच कथेचे मोठेपण आहे.

विज्ञानाच्या बाजूने मात्र कथा लंगडी आहे, हे मान्य करायला हवे. माशीचे डोके माणसाच्या धडावर आले तर ते माणसाच्या डोक्याएवढे कसे होते, जास्तीचे अणू कोठून येतात, आणि मेंदू माशीचा असताना विचार आंद्रेचे कसे राहतात, याला उत्तर नाही. मानवी शरीरातल्या अणूंची संख्या सातावर सत्तावीस शून्ये इतकी भरते. तेवढ्यांची जागा टिपून ती दुसरीकडे पाठवणे म्हणजे काय, याचाही लेखक फारसा विचार करत नाही. भौतिकशास्त्रात आज ज्याला क्वांटम टेलिपोर्टेशन म्हणतात, ज्याची कल्पना १९९३ मध्ये मांडली गेली आणि प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वस्तू जात नाही, कणाची अवस्था तेवढी दुसऱ्या कणावर उतरते. अर्थात लांगलान यांना भौतिकशास्त्र शिकवायचे नव्हते, आणि वाचताना या शंका पुस्तक मिटल्यावरच सुचतात.

कथा छापून आल्याच्या पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा चित्रपट आला. दिग्दर्शक कर्ट न्यूमन, आणि पटकथा जेम्स क्लॅव्हेल यांची. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेल्या क्लॅव्हेल यांची पडद्यावर आलेली ही पहिली पटकथा. घटनास्थळ फ्रान्समधून कॅनडातल्या माँट्रियलला हलवले, घणाऐवजी हायड्रॉलिक प्रेस आला, पण रचना तीच ठेवली: आधी प्रेत, मग चौकशी, मग एलेनचे निवेदन. भयपटाने तासाभराहून अधिक काळ आपले तोंड झाकून ठेवावे, हा संयम मला आजही अनुकरणीय वाटतो. पॅट्रिशिया ओवेन्स यांची एलेन सगळा चित्रपट तोलून धरते. ती कापड ओढते त्या क्षणी कॅमेरा माशीच्या डोळ्यांतून पाहू लागतो आणि पडदाभर किंचाळणाऱ्या अनेक एलेन दिसतात. राक्षस तिच्याकडे पाहतो आहे, आणि त्याला दिसते ती तिची भीती. ही कल्पना कथेत नाही, ती निखळ सिनेमाची आहे. तसाच दुसरा प्रसंग फळ्यावरचा. मन हातातून सुटत चालले असताना आंद्रे खडूने वेड्यावाकड्या अक्षरांत तिच्यावरचे प्रेम लिहितो, आणि तो खडूचा आवाज कुठल्याही किंकाळीपेक्षा अधिक लागतो.

या चित्रपटाचा शेवट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्यांना तो कळू द्यायचा नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा. बागेतल्या जाळ्यात अडकलेली, माणसाचे इवलेसे डोके असलेली माशी मदतीसाठी हाका मारते, कोळी जवळ येत असतो, आणि इन्स्पेक्टर शारास घाबरून दगडाने दोघांनाही चेचतात. या प्रसंगाच्या वेळी फ्रान्स्वा झालेले व्हिन्सेंट प्राइस आणि शारास झालेले हर्बर्ट मार्शल यांना हसू आवरत नव्हते असे प्राइस यांनी नंतर सांगितले आहे, आणि आजच्या प्रेक्षकालाही ती बारीक किनरी हाक ऐकून हसू येऊ शकते. पण त्यानंतर फ्रान्स्वा जे म्हणतो ते हसण्यासारखे नाही: एलेनने जर खून केला असेल, तर तुम्हीही आत्ता तोच केला. कायद्याचा माणूस त्याच जागी येऊन उभा राहतो जिथे ती बाई उभी होती. मूळ कथेत एलेन विष घेऊन मरते. चित्रपट तिला वाचवतो आणि वर विज्ञानाच्या सत्यशोधाविषयी एक गोड भाषण जोडतो. ते भाषण नसते तर चित्रपट अधिक मोठा झाला असता.

‘रिटर्न ऑफ द फ्लाय’ (१९५९) आणि ‘कर्स ऑफ द फ्लाय’ (१९६५) या पुढच्या भागांवर वेळ घालवण्याचे कारण नाही. पहिल्यात मुलगा बापाचाच प्रयोग पुन्हा करतो आणि मुखवटा आणखी मोठा होतो. दुसऱ्यात तर माशीच नाही; फसलेल्या प्रयोगांतली माणसे कोंडून ठेवणारे घर ही त्यातली कल्पना मात्र चांगली होती आणि ती वाया गेली याची हळहळ वाटते.

डेव्हिड क्रोनेनबर्ग यांचा १९८६ चा चित्रपट ही या सगळ्यांतली सर्वांत धाडसी निर्मिती आहे, कारण त्यात कथेतले जवळजवळ काहीच शिल्लक ठेवलेले नाही. खून नाही, चौकशी नाही, दलांब्र कुटुंब नाही. सेथ ब्रंडल हा एकलकोंडा शास्त्रज्ञ, त्याच्यावर लिहिणारी पत्रकार व्हेरोनिका आणि तिचा जुना मित्र असलेला संपादक, एवढ्या तिघांवर ९६ मिनिटे चालतात. यंत्राला जिवंत मांसाची समज नाही हे ब्रंडलला कळते ते मांसाच्या एका तुकड्यावरून: यंत्रातून गेलेला अर्धा तुकडा भाजून तो व्हेरोनिकाला चाखायला देतो आणि तिला तो कृत्रिम लागतो. प्रयोगशाळेतला हा साधा चवीचा प्रसंग मला फार आवडतो, कारण पुढचे सगळे त्यात आहे. यंत्र ‘दुरुस्त’ होते, बबून जातीचे माकड सुखरूप बाहेर येते, आणि एका रात्री दारूच्या नशेत, मत्सराने पेटलेला ब्रंडल कोणाला न सांगता आत शिरतो. आत माशी असते. संगणकापुढे दोन जीव येतात आणि त्याला एकच पाठवायचा आहे हे माहीत असते, म्हणून तो दोघांची जनुके एकत्र विणतो. यंत्र चुकत नाही. त्याला जे विचारले गेले त्याचे उत्तर ते देते.

डोक्यांच्या अदलाबदलीऐवजी जनुकांचे मिश्रण आणल्याने लांगलान यांच्या कथेतली वैज्ञानिक फट बरीचशी बुजते. हा बदल त्या काळाशी जुळणाराही होता: १९७३ मध्ये वेगवेगळ्या जीवांचे डीएनए जोडण्याचे तंत्र हाती आले होते, १९७५ मध्ये त्याच्या धोक्यांवर कॅलिफोर्नियातल्या असिलोमार येथे शास्त्रज्ञांची परिषद झाली होती, आणि १९८२ पासून जिवाणूंकडून बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले होते. पण मोठा लाभ नाट्याचा झाला. बदल एका क्षणात न होता हळूहळू होतो. आधी अंगात बळ येते, कॉफीत साखरेचे चमचे वाढत जातात, पाठीवर राठ केस उगवतात. मग आरशासमोर एक नख निघून हातात येते. गळून पडलेले अवयव ब्रंडल औषधांच्या कपाटात जपून ठेवतो आणि आपल्याच ऱ्हासाची शास्त्रज्ञाच्या कुतूहलाने नोंद करतो. मेकअपसाठी ख्रिस वेलस आणि स्टेफान द्युपुई यांना ऑस्कर मिळाले ते योग्यच झाले, पण इतक्या थरांखालूनही जेफ गोल्डब्लम यांचे डोळे माणसाचे राहतात, याचे श्रेय नटाचे आहे.

त्या वर्षांत अनेकांनी यात एड्सचे रूपक पाहिले. क्रोनेनबर्ग यांनी मात्र आजार, वार्धक्य आणि मरण असा व्यापक अर्थ सांगितला. दीर्घ आजारात आपल्या माणसाची शुश्रूषा ज्यांनी केली आहे, त्यांना व्हेरोनिकाची प्रत्येक भेट ओळखीची वाटेल: दर वेळी दार उघडताना तो आज किती उरला असेल ही धास्ती, किळस दाबून त्याला जवळ घेणे, आणि बाहेर पडल्यावर रडणे. जीना डेव्हिस यांनी हे फार प्रामाणिकपणे केले आहे. शेवटी बोलण्याची शक्तीही गेलेला तो जीव तिच्या हातातल्या बंदुकीची नळी स्वतःच्या डोक्याला लावून घेतो. सगळे बदलून टाकलेल्या या चित्रपटाने लांगलान यांचा एवढा एक प्रसंग जसाच्या तसा राखला, आणि इच्छामरणावरच्या कित्येक व्याख्यानांपेक्षा त्या एका हालचालीत अधिक आहे.

‘द फ्लाय २’ (१९८९) वेलस यांनीच दिग्दर्शित केला. त्यात यंत्रातून विद्रूप होऊन आलेल्या कुत्र्याचा प्रसंग मनाला घरे पाडतो, बाकीचा चित्रपट म्हणजे कंपनीतल्या खलनायकांवर उगवलेला सूड आहे. २००८ मध्ये पॅरिसच्या शाटले नाट्यगृहात आणि नंतर लॉस एंजेलिसमध्ये याच विषयाचा ऑपेरा झाला. संगीत चित्रपटाचेच संगीतकार हॉवर्ड शोर यांचे, दिग्दर्शन क्रोनेनबर्ग यांचे आणि पॅरिसमध्ये वाद्यवृंदाचे संचालन प्लासिदो दोमिंगो यांचे, तरी समीक्षकांनी त्याचे फारसे स्वागत केले नाही.

नव्या वाचकाने आधी कथा वाचावी. एका बैठकीत संपते, इंग्रजी सोपे आहे आणि शेवटचे वाक्य आधी कोणाकडून ऐकू नये. मग १९५८ चा चित्रपट पाहावा, तो किशोरवयीन मुलांबरोबरही पाहता येतो. १९८६ चा चित्रपट मुलांना दाखवू नये, जेवताना पाहू नये, आणि घरात कोणी गंभीर आजारी असेल तर तो काही काळ बाजूलाच ठेवावा.