बाळ आणि जुनी स्पोर्ट्स कार: रोडस्टर, टू-प्लस-टू की चार सीटांची?

बाळाला मांडीवर घेऊन बसणं हा पर्याय या तुलनेत धरलेलाच नाही. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळली तर कुणाच्याही हातांना बाळ धरून ठेवता येत नाही, मग ते हात आईचे असोत की पैलवानाचे. एवढं मान्य असेल तर पुढचं बोलू.

अशा गाड्यांचा विषय निघाला की लोक वारा, ऊन आणि इंजिनाच्या आवाजावर बोलत बसतात. माझ्या मते निर्णय ठरतो दोनच गोष्टींवर: सीट बेल्ट आणि धूर.

तुलनेला तीन प्रकार घेऊ. एक, दोन सीटांची उघडी रोडस्टर: एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, पहिली माझदा एमएक्स-५. दोन, मागे नावापुरत्या सीटा असलेली टू-प्लस-टू: पोर्शे ९११, एमजीबी जीटी किंवा १९६६ पासून मिळू लागलेली लांब जॅग्वार ई-टाइप. तीन, त्याच काळातली चपळ पण खरीखुरी चार सीटांची गाडी, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यू २००२. हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर वाद घालणारे घालोत. बाळाला फरक पडत नाही.

बेल्ट कुठे आहे, कसा आहे

आज वापरतो तो तीन बिंदूंचा, म्हणजे कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा बेल्ट व्होल्वोने १९५९ मध्ये आणला, पण तो सगळ्या गाड्यांत यायला बरीच वर्षं गेली. आयसोफिक्सचं, म्हणजे बेल्टशिवाय चाइल्ड सीट थेट गाडीच्या सांगाड्यातल्या कड्यांना अडकवण्याच्या सोयीचं मानक तर १९९९ चं. म्हणजे जुन्या गाडीत आयसोफिक्स नाही असंच धरून चाला आणि बेल्टने बांधता येणारी चाइल्ड सीट शोधा. गाडीत फक्त कमरेचा बेल्ट असेल तर सीटच्या पुस्तिकेत तशी परवानगी स्पष्ट लिहिलेली हवी. अनेक सीटांना ती नसते. ओळखीच्या वेल्डरकडून हुक बसवून घेण्याचा मोह टाळा. गंजून पातळ झालेल्या पत्र्याला लावलेला हुक दिसायला भक्कम असतो, एवढंच.

रोडस्टरमध्ये बाळ पुढेच बसणार, आणि इथे एक उलटी गंमत आहे. या एका बाबतीत साठच्या दशकातली गाडी नव्वदच्या दशकातल्या गाडीपेक्षा सोयीची, कारण तिच्यात एअरबॅगच नाही. लहान बाळाची सीट गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून लावायची असते, आणि अशी सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नाही. फुगणारी पिशवी थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते. नव्वदच्या दशकातल्या गाडीत त्या बाजूला एअरबॅग असेल आणि ती बंद करायची अधिकृत सोय नसेल, तर विषय तिथेच संपला.

जुन्या रोडस्टरची दुसरी अडचण बकेट सीटची. तिची पुढची कड उंच, मागची बाजू खोल. त्यामुळे चाइल्ड सीट जास्त उभी राहते आणि झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीवर टेकते. तेवढ्यानेही लहान बाळाचा श्वासमार्ग दबू शकतो. शिवाय रीळ नसलेले जुने बेल्ट कधीकधी चाइल्ड सीटला वळसा घालायलाच पुरत नाहीत. आणि सगळ्यात साधी गोष्ट विसरली जाते: बाळाची सीट लावली की गाडी भरली. आई-बाबा दोघांनी बाळाला घेऊन निघायचा बेत असेल तर रोडस्टर आपोआप बाद.

टू-प्लस-टू कागदावर मधला मार्ग वाटते. प्रत्यक्षात मागे चाइल्ड सीट ठेवायची तर पुढची सीट इतकी पुढे सरकवावी लागते की तिथे मोठ्या माणसाचे गुडघे मावत नाहीत. मग बाळ पुढे येतं आणि तुमच्याकडे उरते छत असलेली रोडस्टर.

चार सीटांच्या गाडीत हे सगळं नुसतं सुटतं असं नाही, तर एक मोठी सोय मिळते: बाळाशेजारी मोठं माणूस बसू शकतं. मान लवंडली तर चालवणाऱ्याला दिसणार नाही, शेजारच्याला दिसेल. मागे बेल्ट नसतील तर कंपनीने सांगाड्यात आधीच दिलेल्या जागांवरच ते बसवून घ्या.

धूर

गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी धरून ठेवतं. बाळाचा श्वास आपल्यापेक्षा जलद चालतो, त्यामुळे त्याला बाधाही लवकर होते.

उघडी गाडी म्हणजे मोकळी हवा, हा समज अर्धवट आहे. काचेमागे हवेचा दाब कमी होतो आणि मागचा धूर आत खेचला जाऊ शकतो. डॅटसन २४० झेड तर छत असूनही मागच्या दाराच्या रबरातून धूर आत घेण्याबद्दल प्रसिद्ध आहे. एअर-कूल्ड ९११ चा हीटर एक्झॉस्टभोवती तापलेली हवा आत सोडतो. तिथले हीट एक्स्चेंजर, म्हणजे ही हवा तापवणारी कवचं, गंजून भोकं पडली तर हीटर लावताच धूर थेट केबिनमध्ये. थंडीत बाळासाठी हीटर लावणार असाल तर ९११ घेण्याआधी हे तपासा, रंगाची चकाकी नंतर बघा. चार सीटांची जुनी गाडीही यातून सुटत नाही. सायलेन्सरचे जोड, मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट, डिकीचं रबर हे तिन्ही प्रकारांत बघायलाच हवं. आणि दार उघडल्यावर पेट्रोलचा वास आला, तर तो जाईपर्यंत बाळ घरी.

आवाज आणि उन्हाचं थोडक्यात: रोडस्टर दोन्हीत सर्वांत वाईट. बाळाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं, आणि एसी नसलेल्या गाडीत वाऱ्यामुळे ते कळतही नाही.

मग काय घ्यावं

बाळ अगदी लहान असेल तर चार सीटांची गाडी, तीही छोट्या फेरीसाठी. नवजात बाळाला एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त सीटमध्ये ठेवू नये, असा सल्ला दिला जातो. तरीही कुठलीही चाइल्ड सीट जुन्या सांगाड्याला आजच्या गाडीइतकं सुरक्षित करत नाही, हे दोघांनी आधी बोलून ठरवा. रोडस्टर आधीच दारात असेल तर ती विकू नका. एकाने ती चालवावी, दुसऱ्याने बाळाला घेऊन आजच्या गाडीतून ठरलेल्या जागी भेटावं.

मूल मोठं झालं की रोडस्टर चालेल, या भरवशावर राहू नका. मोठ्या मुलाला उंच बसवणाऱ्या बूस्टर सीटला तीन बिंदूंचाच बेल्ट लागतो, त्यामुळे फक्त कमरेचा बेल्ट असलेली गाडी तेव्हाही अडेल.

गाडी अजून घ्यायची असेल तर बघायला जाताना चाइल्ड सीट सोबत न्या. ती विकणाऱ्यासमोर बांधा, बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवा. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा बांधून बघा. तरीही सरकत असेल तर भावाची बोलणी सुरूच करू नका.