हॅरी, पर्सी, अरू की हॉबिट: आधी कुठलं घ्यायचं?

सुट्टी लागायच्या सुमारास मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, मुलगी दहाची झाली, जादूची, साहसाची गोष्ट हवी म्हणते, काय घेऊ? घरात आधी एखादं तरी जाड पुस्तक अर्धवट पडलेलं असतं, त्यामुळे प्रश्न काळजीचा असतो हे मला कळतं. मी आधी एवढंच विचारते की ती वाचते कशी? स्वतःहून पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसते की दोन पानांत उठून पाणी प्यायला जाते? वयापेक्षा यावरच जास्त ठरतं.

पटकन उठणारं मूल असेल तर मी डोळे झाकून पर्सी जॅक्सनचा पहिला भाग सांगते, 'द लाइटनिंग थीफ', २००५ चा. रिक रायर्डनने ही गोष्ट आधी स्वतःच्या मुलाला रात्री झोपताना सांगितलेली, त्या मुलाला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही) आणि डिस्लेक्सिया (अक्षरं वाचायला जड जातात) होता, म्हणून पर्सीलाही दोन्ही आहे. पुस्तकात त्याचं कारण असं दिलंय की त्याच्या डोळ्यांसमोर इंग्रजी अक्षरं नाचतात कारण तो ग्रीक देवाचा मुलगा आहे आणि त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक भाषेसाठी बनलाय, आणि एका जागी बसवत नाही कारण अंगात लढणाऱ्याची चपळाई आहे. वर्गात सतत ओरडा खाणाऱ्या मुलाने हे वाचताना त्याच्या तोंडाकडे बघा एकदा. माझा भाचा असाच, अकरा वर्षांचा, मेड्युसाच्या, म्हणजे नजरेने माणसाचा दगड करणाऱ्या ग्रीक राक्षसिणीच्या, प्रकरणाला जिन्यातच बसला, त्यात ती बाई रस्त्याकडेला बागेतले पुतळे विकायचं दुकान चालवत असते आणि सगळ्या पुतळ्यांचे चेहरे घाबरलेले असतात, तर हा पान न उलटता मला म्हणाला, "मावशी थांब, हे पुतळे म्हणजे माणसं आहेत ना गं?" जेवायला तीनदा हाक मारली तरी उठला नाही. २२ छोटी प्रकरणं, पर्सी स्वतःच बोलतोय, ग्रीक देवांचा राजा झ्यूस, त्याचं वज्र चोरीला गेलंय आणि हातात दिवस थोडे, देवांचं घर ऑलिंपस तर न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ६०० व्या मजल्यावर. भाषा एकदम बोलण्यातली. उणीव एकच, संकट-पळापळ-सुटका हा साचा पुढच्या भागांत ओळखीचा होतो, मोठ्यांना जास्त जाणवतो, मुलांना तितका नाही.

अरू शहा याच वळणाची, रायर्डनच्याच नावाखाली निघालेल्या मालिकेतलं हे पहिलं पुस्तक, २०१८ चं, पण लिहिलंय रोशनी चोक्शीने आणि देव आपले आहेत. बारा वर्षांची अरू अटलांटातल्या म्युझियममध्ये आईबरोबर राहते, शाळेत थापा मारते, वर्गातली तीन पोरं खोटं पकडायला दारात येतात आणि ती स्पायडरमॅनच्या पायजम्यात उभी असते, इज्जत वाचवायला शापित दिवा लावते आणि सगळं जग थिजतं, आईसुद्धा. पुढे कळतं की पांडवांचे आत्मे या वेळी मुलींमध्ये आलेत, अरू इंद्राची आणि तिची घाबरट, सतत आजारांची यादी म्हणणारी जोडीदारीण मिनी यमधर्माची. ज्या घरात आजीने महाभारत सांगितलंय तिथे हे पुस्तक दुप्पट रंगतं, अर्जुन इंद्राचा आणि युधिष्ठिर यमधर्माचा हे माहीत असलेली पोर लेखिकेच्या आधी ओळखते आणि खूश होते. माहीत नसेल तरी मागे शब्दार्थ दिलेत. मात्र अमेरिकन संदर्भ भरपूर आहेत, जादूच्या रात्रबाजारात शिरायची वाट चक्क कॉस्टको या तिकडच्या भल्यामोठ्या दुकानातून जाते, तिकडे मामा-काका असलेल्या मुलांना ते लगेच कळतं, बाकीच्यांना थोडं अडखळायला होतं. पर्सी आणि अरूमध्ये एकच घ्यायचं असेल तर पौराणिक गोष्टींची गोडी असणाऱ्या मुलीला मी अरू देईन, आणि वाचनाचाच कंटाळा असेल तर पर्सी.

हॅरी पॉटर सगळ्यांना माहीतच आहे, म्हणून एकाच गोष्टीवर बोलते, ती म्हणजे सेट. पहिला भाग १९९७ चा, ब्रिटिश आवृत्तीत २२३ पानं, नऊ वर्षांच्या मुलालाही झेपतो, पण चौथा ६३६ पानांचा आणि पाचवा ७६६, आणि नुसती पानं वाढत नाहीत, चौथ्याच्या शेवटी हॅरीसमोर शाळेतला मुलगा मारला जातो आणि त्यानंतर सगळा सूरच बदलतो. तर सातही एकदम आणू नका प्लीज, पहिले तीन आणा, मग वर्षभर थांबलात तरी चालेल. मराठीत वाचणाऱ्या मुलासाठी पहिला भाग 'हॅरी पॉटर आणि परीस' नावाने आलेला आहे, मिळाला तर तोच घ्या, गोष्ट आपल्या भाषेत आत शिरली की बाकी जड जात नाही.

टॉल्किनचं हॉबिट १९३७ चं, बिल्बो नावाच्या हॉबिटची, म्हणजे छोट्या चणीच्या माणसाची गोष्ट, आणि ते मुलाच्या हातात देऊन निघून जायचं पुस्तक नाही असं माझं ठाम मत आहे. वाक्यं लांब, तेरा बुटके एका मागून एक दारात येतात त्यांची नावं लक्षात राहत नाहीत, मधेमधे गाणी. तेच रात्री तुम्ही मोठ्याने वाचा, १९ प्रकरणं आहेत, रोज एक. पाचव्या प्रकरणात काळोख्या गुहेत बिल्बो आणि तिथे राहणारा विचित्र प्राणी गॉलम जिवावरची कोडी घालतात, तिथे प्रत्येक कोड्यानंतर थांबायचं, मुलांना उत्तर शोधू द्यायचं.

तरीही ठरत नसेल तर एक करा. हॉबिटचं हस्तलिखित छापायच्या आधी प्रकाशकाने आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलेलं, आणि हॅरीचं पहिलं प्रकरण प्रकाशकाच्या आठ वर्षांच्या मुलीने वाचून पुढचं मागितलं होतं. तसंच दुकानात किंवा वाचनालयात दोन-तीन पुस्तकं मुलासमोर ठेवा, प्रत्येकाचं पहिलं प्रकरण वाचू द्या, घाई करू नका, आणि जे हातातून खाली ठेवत नाही ते घ्या, तुमच्या लहानपणी आवडलेलं ते नसलं तरी.