ओरिजनल एफटीडीआय म्हणून नकली माल दिला, वर बोर्डाची पिनही गेली

पुण्यात बुधवार पेठेत यूएसबी टू टीटीएल मॉड्यूल (लॅपटॉपच्या यूएसबीतून छोट्या बोर्डाशी सिरियल तारांवरून बोलायची पट्टी) घ्यायला जाणार असाल तर आधी हे वाचा. पासोड्या विठोबाच्या आसपास एका दुकानातून (नाव लिहीत नाही) मी दोन पीस घेतले, शेजारी सीएच३४० (स्वस्तातली दुसरी चिप) वाला दीडशेला पडला होता तरी साडेसहाशेच्या भावाने पैसे मोजले, कारण दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, "साहेब ओरिजनल एफटीडीआय आहे, जंपर ३.३ वर ठेवा नि बिनधास्त लावा." (एफटीडीआय ही या कामाच्या चिप बनवणारी नावाजलेली कंपनी, जंपर म्हणजे व्होल्टेज निवडायची छोटी टोपी.)

पहिल्या दिवशी रास्पबेरी पायवर (छोटा एका बोर्डाचा संगणक) सगळं झकास. नंतर बूट लॉग (बोर्ड चालू होतानाचे संदेश) ११५२०० बॉड रेटवर (डेटाच्या वेगावर) स्वच्छ येतोय, लॉगिन प्रॉम्प्टही येतोय, पण टाइप केलं की ढिम्म. अक्षरं नीट दिसतायत म्हणजे बॉड रेटचा प्रश्न नाही, तारा पण कालच्याच. मिनिकॉममध्ये (लॅपटॉपवरचा सिरियल टर्मिनल प्रोग्राम) हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या तारेवरून समोरच्याची परवानगी येईपर्यंत न पाठवणं) चालू राहिला तर अस्संच होतं म्हणून तो बंद आहे ना बघितलं, होता बंद. बोर्ड बाजूला काढून मॉड्यूलचे टीएक्स-आरएक्स (पाठवायची नि घ्यायची पिन) एकमेकांना जोडले तर टाइप केलेलं परत येत होतं. मित्राची यूएसबी-सिरियल केबल लावली, तीच बोंब, म्हणजे बोर्डच गेलेला. मग मॉड्यूलला मल्टिमीटर लावला, जंपर ३.३ वर आणि टीएक्स ते ग्राउंड ४.९ व्होल्ट!! तो जंपर फक्त व्हीसीसीची (वीजपुरवठ्याची) पिन बदलत होता, सिग्नल पाचावरच. पायच्या जीपीआयओला (सिग्नलच्या पिनांना) ३.३ च्या वर चालत नाही, दहा नंबरची आरएक्स पिन मेली.

नकली कसं कळलं? एलएसयूएसबीत (लावलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी लिनक्सची कमांड) ०४०३:६००१ (एफटीडीआयचा कंपनी नि प्रॉडक्ट आयडी) दिसतं, पण ते नकलीवाले पण तेच टाकतात, त्यावर जाऊ नका. दोन्ही पीस एकदम लावले तर दोघांचा सिरियल नंबर एकच! खऱ्या चिपला प्रत्येकीला वेगळा असतो. हा धंदा जुनाच आहे म्हणा, २०१४ मध्ये एफटीडीआयच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपचा प्रॉडक्ट आयडी शून्य करून टाकला होता, लोकांची चालती यंत्रं बंद पडली, ओरड झाली आणि तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. फसवणारा तिसराच नि भुर्दंड गिऱ्हाइकाला, नेहमीचंच.

दुकानात गेलो तर म्हणे "लॅपटॉपवर चालतोय ना?" बिल काढलं तर त्यावर नुसतं 'यूएसबी मॉड्यूल', एफटीडीआय हा शब्दच नाही, आणि हे चुकून झालेलं नाही असं माझं मत. बराच वाद घातल्यावर एक पीस बदलून दिला, त्याचाही सिरियल नंबर तोच. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय, पण बिलच असं असल्यावर काय होणार बघू. तुम्ही घ्याल तेव्हा बिलावर चिपचं नाव लिहून मागा, आणि लॅपटॉप-मीटर सोबत न्या, काही पाठवत नसताना टीएक्सवर पूर्ण व्होल्टेज असतंच त्यामुळे बोर्ड न जोडता काउंटरवरच मोजता येतं.