६०डी वरून आर७ वर: आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिने झाले कॅनन आर७ हा मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा घेऊन. घेतल्याच्या आठवड्यातच लिहिणार होतो, पण म्हटलं आधी भिगवणचा पक्ष्यांचा एक पूर्ण सीझन होऊ दे, घरातली कार्यं होऊ देत, वारी होऊ दे, मग लिहू. मी स्वतः घेण्याआधी दोन महिने जे काही वाचत-बघत होतो ते जवळपास सगळं पहिल्या चार दिवसांतलं होतं आणि माझा जो प्रश्न होता त्याचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं. प्रश्न साधा होता. माझ्याकडे २०११ पासून कॅननचाच ६०डी, म्हणजे आरशाचा जुना डीएसएलआर, त्यावर लांबचं काढायला सेकंडहँड घेतलेली ४०० एमएम एफ ५.६ ची जुनी एल (कॅननची वरच्या दर्जाची) लेन्स, आणि मी मुख्यतः पक्षी काढतो. लेन्स तीच ठेवून नुसती बॉडी बदलली तर मला काय मिळणार?

तर आधी उत्तर सांगतो आणि मग बाकीचं. चांगल्या उजेडात फोटोच्या क्वालिटीत मला फार मोठा फरक दिसला नाही. ए४ प्रिंट शेजारी शेजारी ठेवले तर घरात कोणाला ओळखता येत नाहीत. बदललं ते हे की घरी येऊन कार्ड लावलं की शार्प फोटो किती निघतात. आणि हा फरक इतका मोठा आहे की त्याने माझी फोटो काढायची पद्धतच बदलली.

आता हे का होतं ते जरा सविस्तर सांगतो कारण मला स्वतःला ते उशिरा कळलं. डीएसएलआर मध्ये फोकस बघणारा सेन्सर वेगळा असतो, आरशाच्या खाली तळाला बसवलेला, आणि प्रत्यक्ष फोटो पडतो तो मागच्या मुख्य सेन्सरवर. लेन्सपासून दोघांपर्यंतचं प्रकाशाचं अंतर अगदी केसभर जरी वेगळं पडलं तरी फोकस डोळ्याऐवजी पाठीवर किंवा शेपटीवर जाऊन बसतो, आणि ४०० एमएम ला एवढंसं पुरतं. माझी लेन्स सेकंडहँड, आधी तिने काय काय सोसलं असेल कोण जाणे, ती जराशी मागे फोकस करायची. ५०डी मध्ये असा फरक मेनूतून दुरुस्त करायची सोय होती, ६०डी मध्ये ती दिलेली नव्हती. मग मी काय करायचो, तर लेन्सचं तोंड एफ ८ पर्यंत लहान करून काढायचो म्हणजे फोकस थोडा इकडेतिकडे झाला तरी खपून जातं, पण मग शटर स्पीड कमी, तो वाढवायला आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढवा, त्याने फोटो दाणेदार होतो, आणि ६०डी वर १६०० च्या पुढे मला फोटो आवडायचे नाहीत. इतकी वर्षं मी या चक्रात होतो आणि मला वाटायचं पक्ष्यांचे फोटो म्हणजे हे असंच असणार.

मिररलेस मध्ये फोकस त्याच सेन्सरवर बघितला जातो ज्यावर फोटो पडतो. त्यामुळे पुढेमागे हा प्रकारच उरत नाही. पहिल्याच दिवशी गॅलरीतून समोरच्या तारेवरचा बुलबुल एफ ५.६ ला काढला आणि शंभर टक्के झूम करून बघितलं तर डोळ्याभोवतीची पिसं एकेक वेगळी दिसत होती. लेन्स तीच! मी ती लेन्स विकायला काढली होती दोन वर्षांपूर्वी, बरं झालं गिऱ्हाईक मिळालं नाही.

भिगवणचं सांगतो म्हणजे कळेल. जानेवारीतली गोष्ट, कुंभारगावहून सकाळी साडेसहाला बोटीत बसलो, पाण्यावर धुकं. नाववाले दादा ओळखीचे आहेत, ते नाव वल्ह्याने ढकलत ढकलत एका बुडालेल्या बाभळीपाशी घेऊन गेले, त्याच्या खुंटावर ऑस्प्रे बसलेला, पायात मासा. ६०डी असता तर मी मधला फोकस पॉइंट पक्ष्याच्या डोळ्यावर धरून बसलो असतो, नाव हलते म्हणून पॉइंट सारखा सुटतो, परत धरायचा, आणि या सगळ्यात पक्षी कायम फ्रेमच्या मधोमध. ६०डी ला ९ पॉइंट, ते सगळे मधल्या भागात गोळा झालेले, आणि भरवशाचा म्हणावा तर मधला एकच. आर७ मध्ये फोकसचा छोटा चौकोन आपोआप डोळ्यावर जाऊन बसला आणि नाव हलली तरी तिथेच राहिला. मग मी काय बघत होतो? मागचं बघत होतो. खुंटाच्या मागे दुसऱ्या एका फांदीची आडवी रेघ बरोबर त्याच्या डोक्यातून जात होती, दादांना म्हटलं जरा डावीकडे घ्या, त्यांनी दोन हात घेतली नाव, रेघ निघून गेली, पक्षी फ्रेमच्या उजव्या बाजूला ठेवला, डावीकडे नुसतं धुकं. हे मला आधी कधी सुचायचंच नाही कारण सगळं लक्ष त्या एका पॉइंटमध्ये अडकलेलं असायचं.

आणि मग दादा हळूच म्हणाले, "सर, शिटला बघा, आता उडणार." हे त्यांचं कायम बरोबर निघतं, शिकारी पक्षी बहुतेक वेळा उडायच्या आधी हलके होतात. मी बटण अर्धं दाबून तयार, उडाला, ३८ फ्रेम निघाल्या आणि घरी येऊन मोजल्या तर ३१ मध्ये डोळा शार्प. ६०डी सेकंदाला ५.३ फ्रेम काढायचा, त्यातल्या एक-दोन लागल्या तर मी खूश असायचो. आर७ मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ काढतो. शिवाय त्यात एक रॉ बर्स्ट म्हणून प्रकार आहे, सेकंदाला ३० फ्रेम आणि बटण पूर्ण दाबायच्या आधीचा अर्धा सेकंद पण रेकॉर्ड होतो. कवड्या खंड्या पाण्यात सूर मारतो ना, तो क्षण मी १२ वर्षांत एकदाही पकडला नव्हता कारण माझं बोट नेहमी उशिराच, तो या सीझनला मिळाला. फक्त त्या सगळ्या फ्रेम एकाच मोठ्या फाइलमध्ये येतात, त्यातून हव्या त्या वेगळ्या काढत बसाव्या लागतात, वेळखाऊ काम आहे, त्यामुळे मी तो मोड अगदी ठरवूनच लावतो.

रीच बद्दल, म्हणजे लांबचा पक्षी किती मोठा येतो याबद्दल पण खूप जण विचारतात. दोन्ही क्रॉप सेन्सरच (फुल फ्रेमपेक्षा लहान), १.६ चा, म्हणजे ४०० ची लेन्स ६४० सारखी दिसते हे दोन्हीकडे सारखं. पण ६०डी १८ मेगापिक्सेल आणि आर७ ३२.५, रुंदीत ५१८४ पिक्सेल विरुद्ध ६९६०, म्हणजे तोच पक्षी त्याच अंतरावरून साधारण सव्वापट ते दीडपटच्या मध्ये जास्त पिक्सेलमध्ये येतो. क्रॉप करायला वाव मिळतो. फुल फ्रेम का घेतला नाही याचं कारण पण हेच, त्यावर एवढी रीच मिळवायची तर लेन्सला जे पैसे लागतात ते माझ्या आवाक्यातले नाहीत. आर१० पण बघितला होता, स्वस्त आणि हलका आहे, पण त्यात बॉडी स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी सोय) नाही आणि माझ्या ४०० मध्ये पण नाही, शिवाय कार्ड स्लॉट एकच आणि बॅटरी छोटी. जुनी बिना-आयएस (लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन नसलेली) लेन्स असेल तर बॉडीतलं स्टॅबिलायझेशन खरंच महत्त्वाचं, हातात धरून व्ह्यूफाइंडर मधलं चित्रच शांत दिसतं, नेम धरता येतो. ४०० ला लेन्समधल्या आयएस इतकं प्रभावी नसतं ते, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

वजनाबद्दल मात्र सांगायलाच हवं कारण मिररलेस म्हणजे हलकं असं सगळे धरून चालतात. ६०डी बॅटरी-कार्डसकट ७५५ ग्रॅम, आर७ ६१२ ग्रॅम. पण जुनी लेन्स लावायला अडॅप्टर लागतो तो ११० ग्रॅमचा. उरले किती, ३३ ग्रॅम. आणि लेन्स सव्वा किलोची आहे तशीच. हलकं खरंच हवं असेल तर लेन्स पण बदलावी लागते, मित्राची आरएफ १००-४०० (कॅननची मिररलेससाठीची लेन्स) दोन वीकेंडला वापरली, ती ६३५ ग्रॅमची, दिवसभर गळ्यात घालून फिरलो तरी खांदा दुखला नाही. ४०० ला एफ ८ आहे ती, ६०डी वर एफ ८ च्या लेन्सला ऑटोफोकसच झाला नसता, इथे मजेत होतो. पण संध्याकाळी साडेपाच नंतर आयएसओ फार चढतो, म्हणून मी घेतली नाही अजून.

अडॅप्टर वरून आठवलं, यात पैसे वाचवू नका. मी आधी एक स्वस्तातला घेतला, कंपनीचं नाव नाही घेत, त्यात लेन्स किंचित हलायची आणि दोनदा ऐन वेळी कॅमेऱ्याने लेन्स ओळखायचंच बंद केलं. काढून परत लावली की चालू. दीड महिन्यात तो बाजूला ठेवून कॅननचाच घेतला, तेव्हापासून एकदाही प्रश्न आला नाही.

आता जे सवयीचं व्हायला वेळ लागला ते. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर मधून मी तास तास नुसता बघत बसायचो, कॅमेरा बंद असला तरी दिसायचं, दुर्बिणीसारखं. आता समोर छोटा स्क्रीन आहे, तो चालू व्हायला क्षणभर लागतो आणि चालू ठेवला की बॅटरी खातो. पहिल्या महिन्यात दोन-तीन पक्षी निव्वळ यातच गेले, डोळा लावला तर काळं. आता सवय झाली, काही हललंसं वाटलं की आधी बटण अर्धं दाबायचं आणि मग कॅमेरा डोळ्याला. पण त्याच स्क्रीनचा फायदा पण आहे, फोटो कसा येणार ते आधीच दिसतं. पांढरे बगळे आणि फ्लेमिंगो उन्हात नेहमी जळायचे माझे, काढायचा, मागे बघायचं, परत कमी करून काढायचा. आता हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) डोळ्यासमोर असतो, चाक फिरवून आधीच कमी करतो.

बॅटरी: ६०डी एका चार्जवर हजाराच्या वर फोटो द्यायचा, मी दोन दिवस चार्जर न्यायचो नाही. आर७ चा अधिकृत आकडा व्ह्यूफाइंडरवर ४०० च्याही आत आहे. बर्स्ट मध्ये काढले की प्रत्यक्षात फोटो त्याच्या कितीतरी पट निघतात, पण दुपारपर्यंत एक बॅटरी जातेच. दोन जवळ ठेवाच.

सायलेंट शटर. यात माझं नुकसान झालंय म्हणून नीट वाचा. फेब्रुवारीत चुलतभावाच्या मुलीचं बारसं, पाळण्यात बाळ झोपलेलं, म्हटलं आवाज नको, इलेक्ट्रॉनिक शटर लावला. हॉलमध्ये सगळे एलईडी. घरी येऊन बघतो तर बाळाच्या आत्याने कानात नाव सांगितलं त्या सगळ्या फोटोंवर आडवे काळे-पिवळे पट्टे. इलेक्ट्रॉनिक शटर मध्ये सेन्सर वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचत येतो, तेवढ्यात एलईडी कितीतरी वेळा कमी-जास्त होतो, ते पट्टे म्हणून उमटतं. हे मला माहीत असायला हवं होतं. भाऊ काही बोलला नाही, पण मला फार लागलं ते, तो क्षण परत येणार नाही. फडफडणाऱ्या पंखांचं पण तेच, पंख तिरके वाकल्यासारखे येतात. म्हणून घरात आणि उडत्या पक्ष्यांना मेकॅनिकल किंवा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक हाच मोड, सायलेंट फक्त बसलेल्या पक्ष्याला.

ऑटोफोकस हुशार आहे पण त्याला काय शोधायचं ते तुम्हीच सांगायचं असतं. यंदा तुकोबांच्या पालखीबरोबर बेलवाडीच्या गोल रिंगणाला गेलो होतो. सेटिंग माणसांवर राहिलेलं, अश्व समोरून सुसाट गेला आणि चौकोन मागच्या वारकऱ्यांच्या चेहऱ्यांवर नाचत होता. पहिली फेरी अशीच गेली. दुसऱ्या फेरीला विषय ओळखणं बंद करून साधा झोन लावला आणि मग मिळाला, चारही पाय हवेत, मागे पताका. तसंच वेत-पाणकणसाच्या आडचा पक्षी असेल तर सगळं बंद करून सगळ्यात छोटा पॉइंट, अगदी ६०डी सारखं. जुनी सवय तिथे कामी येते.

कॉम्प्युटरचा खर्च कोणी धरत नाही तो धरा. रॉ (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली) फाइल आता सीआर३ प्रकारची येते, माझं फोटो एडिटिंगचं जुनं सॉफ्टवेअर, लाइटरूम ६, ती उघडतच नाही. फाइल मोठ्या, लॅपटॉप रडायला लागला, शेवटी एसएसडी आणि रॅम वाढवली. एका सकाळी ६०डी वर ३०० फोटो व्हायचे, आता दीड-दोन हजार होतात, आणि ते निवडायला दोन संध्याकाळी जातात. मी आता सीरॉ (दाबून लहान केलेली रॉ) वर काढतो, फाइल बरीच लहान होते आणि मला तरी फरक दिसलेला नाही. आयएसओ मी ६४०० पर्यंत बिनधास्त जातो, नॉइज (दाणे) सॉफ्टवेअर मध्ये काढायचा.

तुम्ही लँडस्केप, घरचे कार्यक्रम, ट्रिप असं काढत असाल आणि जुना डीएसएलआर नीट चालत असेल तर माझं स्पष्ट मत, थांबा, ते पैसे चांगल्या लेन्सला घाला. पण हलणारं काही काढत असाल, पक्षी, कबड्डी, ढोलपथक, लहान मुलं, तर लेन्स न विकता बॉडी बदला. सव्वा लाखाच्या आसपास गेले माझे बॉडीलाच, आणि मी ते परत घालीन.

६०डी विकला नाही, सेकंडहँडला जे देत होते त्यात जीव नव्हता. तो भाचीला दिलाय, ती अकरावीला आहे. ग्रिपचं रबर सुटलेलं ते चिकटवून दिलं. एलपी-ई६ च्या जुन्या तीन बॅटऱ्या होत्या, त्या आर७ मध्ये पण चालतात, फक्त केबलने बॉडीत चार्ज होत नाहीत, चार्जरमध्येच लावाव्या लागतात. दोन तिला दिल्या, एक माझ्या बॅगेत आहे.