मुंग्यांसाठी बोरिक पावडर: खडू-स्प्रेपेक्षा उजवी, पण घाई असणाऱ्यांसाठी नाही

पहिला पाऊस झाला की नाशिकमध्ये सिडकोतल्या रो-हाऊसपासून पंचवटीतल्या जुन्या वाड्यांपर्यंत किराणा दुकानांत मुंग्यांच्या खडूची मागणी वाढते. वारुळात पाणी शिरतं, मुंग्या घराच्या पायातल्या आणि भिंतीतल्या फटींमधून वर सरकतात, तेव्हा खरेदीची वेळ बरोबर असते. वस्तू मात्र बहुतेकदा चुकीची घेतली जाते. खेळाच्या दुकानात आणि काही मेडिकलमध्ये मिळणारी, कॅरमवर टाकायची बोरिक पावडर या कामाला खडूपेक्षा सरस आहे.

खडूत आणि बऱ्याचशा स्प्रेत सायपरमेथ्रिनच्या जातीचं रसायन असतं. ते अंगाला लागलं की मुंगी मरते, पण मरते ती बाहेर पडलेली कामकरी. राणी आत अंडी घालतच राहते. काही जातींच्या वसाहतीत अनेक राण्या असतात. तिथे स्प्रे मारला की वसाहत फुटते आणि ओट्याखालची एक रांग जाऊन न्हाणीघरात दोन निघतात. खडूची रेघ ओल्या फडक्याने पुसली जाते आणि तिची धूळ पोळी लाटायच्या जागी उडते, हे वेगळंच. छापील नाव-पत्ता नसलेला सुटा खडू तर घेऊच नये. मुलांना तो पाटीवरचा खडू वाटतो. पाकिटावर नोंदणी क्रमांक आणि रंगीत त्रिकोण पाहा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा.

बोरिकचं काम उलट्या बाजूने चालतं. पूर्ण वाढलेल्या मुंगीला घन पदार्थ गिळता येत नाही. ती द्रव पोटात भरून घेते आणि वारुळात इतरांना तोंडाने भरवते. विष सावकाश चढलं तरच ते राणीपर्यंत आणि अळ्यांपर्यंत पोहोचतं. म्हणून कोपऱ्याकोपऱ्यांत कोरडी पावडर भुरभुरण्याचा उपयोग फार थोडा.

आधी पावडर तपासा. कॅरमच्या सगळ्याच डब्यांत बोरिक अ‍ॅसिड नसतं, काहींत स्टार्च किंवा टाल्क असतं. चहाचा एक सपाट चमचा पावडर पेलाभर गरम पाण्यात ढवळा. पाणी नितळ झालं तर माल बरोबर. दुधाळ राहिलं किंवा तळाशी साका बसला तर तो डबा कॅरमलाच ठेवा.

प्रमाण असं: अर्धा लिटर कोमट पाणी, ५० ग्रॅम साखर (सुमारे चार सपाट मोठे चमचे) आणि बोरिक पावडर एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे साधारण ४ ते ५ ग्रॅम. हे द्रावण जवळपास १ टक्क्याचं होतं. ‘जरा जास्त टाकू, लवकर मरतील’ हा मोह इथे नडतो. विष तीव्र झालं की मुंग्या तोंड लावत नाहीत, लावलं तरी वाटेतच मरतात आणि आत काहीच पोहोचत नाही.

बाटलीच्या झाकणात कापसाचा बोळा ठेवून तो या पाण्याने भिजवा आणि रांगेच्या अगदी शेजारी ठेवा. स्विचबोर्डातून मुंग्या येत असतील तरी झाकण बोर्डापासून दूर, खाली जमिनीवरच हवं. पहिल्या दिवशी गर्दी वाढते. नेमकं इथेच लोक घाबरून स्प्रे काढतात आणि सगळं वाया घालवतात. रांग मोडू नका, आसपास फिनाइल नको, खडू नको. दर दोन-तीन दिवसांनी बोळा बदला, कारण पाणी उडून द्रावण घट्ट होतं, आंबतं किंवा बुरशी धरतं. गर्दी ओसरायला एक-दोन आठवडे लागतात, मोठ्या वसाहतीला त्याहून जास्त. संध्याकाळी पाहुणे येणार असतील तर साबणाच्या पाण्याने पुसलेला ओटाच बरा: मुंग्या जातात आणि त्यांनी आखलेला वासाचा मागही पुसला जातो.

सगळ्या मुंग्या साखरेवर येत नाहीत, ही या उपायाची खरी मर्यादा. साखरपाण्याचा थेंब आणि चिमूटभर शेंगदाण्याचं कूट शेजारी ठेवा, अर्ध्या तासाने पाहा. चावणाऱ्या लाल मुंग्या पुष्कळदा कुटाकडे वळतात. तिथे वरचं द्रावण फुकट जातं आणि मुंग्यांसाठीचं तयार जेल घेणं शहाणपणाचं. मोठे काळे मुंगळे बहुधा बाहेर, झाडाच्या बुंध्याशी राहतात. आंब्या-जास्वंदीवरच्या मावा या किडीचा गोड चिकटा त्यांना खेचतो. खिडकीला टेकलेली फांदी छाटली की निम्मा प्रश्न मिटतो.

मुंग्या गेल्यावर फटी बुजवा, आधी नको. नाहीतर त्या दुसरीकडून फुटतात. ओट्याचा कडप्पा आणि टाइल यांच्या सांध्यात पांढरा सिमेंट काही महिन्यांत आकसून तडकतो, तिथे इपॉक्सी ग्राउट टिकतं. सरकत्या खिडकीच्या पट्टीतली पाणी जायची भोकं मात्र बुजवू नका, बारीक जाळी लावा. बेदाण्याच्या आणि गुळाच्या डब्यांना घट्ट झाकण हवंच. कपाटाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची जुनी पद्धत आजही चोख आहे. धुळीची साय धरली की तिच्यावरून मुंग्या पार होतात, म्हणून पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका. डेंग्यूचे डास अशाच पाण्यात वाढतात, तेव्हा वाट्या दर आठवड्याला घासून भरायच्या. हळद, कापूर, दालचिनी यांनी रांग वळते, वसाहत मरत नाही.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचंच झालं, तर औषधाचं नाव आणि कीटकनाशक कायद्याखालचा परवाना आधी विचारा. मुंग्यांसाठी घरभर फवारणीच सुचवणाऱ्यापेक्षा रांग कुठून निघते ते बघून तिथे जेल लावणारा निवडा. तो येण्याच्या आदल्या दिवशी ओटा फिनाइलने पुसू नका, रांग दिसली पाहिजे.

बोरिक पोटात गेलं तर माणसाला आणि पाळीव जनावरांनाही घातक आहे. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर बोळा छोट्या प्लास्टिकच्या डबीत ठेवा, झाकणाला सुईने मुंगी जाईल एवढीच भोकं पाडा आणि डबी चिकटपट्टीने फडताळामागे बसवा. उरलेलं द्रावण पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नये. दिसायला ते साखरेचं पाणीच असतं, म्हणून बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहून ती स्वयंपाकघराबाहेर कुलपात ठेवा.