बोइंग ७३७ मॅक्स ८: विमानाला चार तारे, कंपनीला दोन

लेकीकडं दिल्लीला गेलो होतो. आमच्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरनं वेळेचं गणित जुळेना, म्हणून रात्रीच्या गाडीनं पुणं गाठलं आणि तिथनं सकाळचं विमान धरलं. समोरच्या कप्प्यातलं सुरक्षेचं कार्ड काढलं, तर त्यावर बोइंग ७३७-८, म्हणजे मॅक्स ८, असं लिहिलेलं. बायको म्हणाली, "अहो, हेच का ते पडलेलं?" म्हटलं, त्याच जातीचं. तिनं माझा हात धरला तो ढगांच्या वर जाईपर्यंत सोडला नाही.

प्रवासाबद्दल तक्रार नाही. आवाज जुन्या ७३७ पेक्षा कमी वाटला. पंखाचं टोक वर आणि खाली असं दोन्हीकडं फाकलेलं, इंजिनाच्या मागची कड करवतीच्या दात्यांसारखी. काम सुबक आहे. पाय पसरायला जागा बेताचीच, पण ती विमान कंपनीनं सीट कशा बसवल्यात त्यावर असतं. दिल्लीत वेळेवर उतरलो. विमानाला चार तारे, आणि ते मनापासून.

बायकोच्या प्रश्नाचं पुरं उत्तर मात्र मी तिला दोन तासांत देऊ शकलो नाही. ते इथं देतो. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत २८ वर्षं फायनल इन्स्पेक्शनला आहे. माल कसा बिघडतो, त्याच्यापेक्षा बिघडलेला माल गेटबाहेर कसा जातो, हे मी जास्त बघितलंय.

पडलेली विमानं दोन. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात लायन एअरचं, १८९ माणसं. १० मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सचं, १५७. मिळून ३४६ जीव. दोन्हींत एमकॅस नावाची प्रणाली विमानाचं नाक पुन्हा पुन्हा खाली दाबत राहिली, कारण हवेशी विमानाचा कोन मोजणारा एक सेन्सर चुकीचं सांगत होता. विमानावर असे सेन्सर दोन होते. एमकॅस एका वेळी एकाचंच ऐकायची. आमच्याकडं बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, माप शंकास्पद आलं की दुसऱ्या गेजनं बघतात, हे ट्रेनी पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतो. आणि ही प्रणाली विमानात आहे हेच पायलटच्या मॅन्युअलमध्ये नव्हतं.

हे असं का झालं, ते समजून घ्यायला २०११ मध्ये जावं लागतं. बोइंगची स्पर्धक एअरबसनं कमी इंधन खाणारं ए३२० निओ नुकतंच जाहीर केलं होतं आणि अमेरिकन एअरलाइन्ससारखं जुनं गिऱ्हाईक तिकडं वळायला लागलं. बोइंगनं नवं विमान काढायचं सोडून १९६७ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या ७३७ वरच मोठं इंजिन बसवायचं ठरवलं. इंजिनाच्या पंख्याचा व्यास ६१ इंचावरनं ६९ वर गेला. ७३७ जमिनीला बुटकं, त्यामुळं इंजिन पुढं आणि वर सरकवावं लागलं. त्यानं काही परिस्थितीत नाक वर जायची ओढ वाढली, ती सावरायला एमकॅस आली. इथवर मी कुणाला दोष देत नाही. जुन्या पॅटर्नवर, म्हणजे साच्याच्या नमुन्यावर, नवा जॉब काढणं आमच्या धंद्यात रोजचं आहे.

दोष पुढं आहे. साउथवेस्ट एअरलाइन्सला बोइंगनं कबूल केलं होतं, की पायलटना सिम्युलेटरचं नवं प्रशिक्षण लागलं तर प्रत्येक विमानामागं १० लाख डॉलर सोडू. हे वाक्य मी तीनदा वाचलं. विक्रीवाल्यानं असा शब्द देऊन ठेवला की खाली डिझाइनच्या टेबलावरच्या प्रत्येक माणसाला कळतं, की काय बोलायचं नाही. "ही प्रणाली मोठी आहे, पायलटला शिकवायला पाहिजे" हे वाक्य त्या दिवसापासून महाग झालं.

अपघातानंतर मात्र बोटं आधी पायलटांकडं गेली. परदेशी पायलट कमी शिकलेले, असा सूर अमेरिकेत निघाला. लायन एअरचा कॅप्टन दिल्लीचा होता. त्यानं वीसहून जास्त वेळा नाक वर खेचलं. इथिओपियाच्या पायलटांनी तर बोइंगनं सांगितलेले स्विच बंद करूनही बघितले, पण तोवर वेग इतका वाढलेला की नाक वर घ्यायचं हाताचं चाक फिरेना. लायन एअरच्या देखभालीचाही दोष होता, माप चुकीचं जुळवलेला सेन्सर बसला आणि आदल्या रात्री त्याच विमानानं तोच त्रास दिला तरी ते सकाळी उडवलं. इंडोनेशियाच्या तपासात ते स्पष्ट लिहिलंय आणि मला मान्य आहे. पण एका सेन्सरच्या बिघाडानं विमान पडावं, ही रचना त्या मेकॅनिकनं केलेली नव्हती.

आता ५ जानेवारी २०२४. अलास्का एअरलाइन्सचं मॅक्स ९, पोर्टलंडहून निघालेलं, सुमारे १५,००० फुटांवर बाजूचं बंद केलेलं दार-पॅनेल उडून गेलं. लगतच्या २६ए आणि २६बी या सीट रिकाम्या होत्या म्हणून जीव वाचले. पॅनेल धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेच नव्हते. विचिटाच्या स्पिरिट एरोसिस्टिम्सकडून आलेल्या सांगाड्यात पाच रिवेट खराब निघाले, ते दुरुस्त करायला बोइंगच्या रेंटनच्या कारखान्यात सप्टेंबर २०२३ मध्ये पॅनेल उघडलं. पुन्हा लावलं, बोल्ट राहिले. आणि पॅनेल उघडल्याची नोंदच सापडली नाही.

बोल्ट विसरणं मी समजू शकतो. माणूस आहे, शिफ्ट संपत आलेली असते. पण नोंद नाही म्हणजे तपासणीवाल्याला इथं बघायचंय हे कळायला मार्गच नाही. आमच्याकडं २००९ च्या मार्चअखेरीस असंच झालं होतं. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्स हाऊसिंगला ब्लोहोल, म्हणजे ओतकामातलं हवेचं भोक, निघालं, कुणीतरी वेल्डिंग मारून ग्राइंडिंग केलं, रंग चढला आणि माल गेला. रिवर्कच्या, म्हणजे दुरुस्तीच्या, रजिस्टरात ओळ नाही. गिऱ्हाइकाकडं तेल गळायला लागल्यावर फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या खात्यातल्या, एका पोराला घरी बसवलं. डिस्पॅच आजच झाला पाहिजे म्हणून फोन करणाऱ्या साहेबांना कुणी विचारलं नाही. फायनलची सही माझी होती. मीही तेव्हा गप्प बसलो, आणि तो पोरगा अजून माझ्या डोळ्यांसमोरनं जात नाही.

म्हणून अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीनं २०२५ मध्ये काय लिहिलं ते मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी दोष फिटरवर ठेवला नाही. बोइंगनं पुरेसं प्रशिक्षण, सूचना आणि देखरेख दिली नाही, असं म्हटलं. विमानांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेचाही, एफएएचा, वाटा आहे. प्रमाणपत्राचं बरंच काम त्यांनी बोइंगच्याच पगारी माणसांवर सोपवलं होतं. ज्याचा पगार प्रॉडक्शनच्या हातात, त्याला 'थांबवा' म्हणायला किती बळ लागतं, हे मला विचारा.

सगळं १९९७ मध्ये मॅकडॉनेल डग्लस ही दुसरी विमान कंपनी बोइंगमध्ये विलीन झाली त्यावर ढकलणारी मंडळी भेटतात. तिथनं वळण लागलं असेल. पण त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं खुर्चीवर माणसं होती, त्यांच्या सह्या होत्या. २०१३ पासून पुढच्या काही वर्षांत कंपनीनं ४० अब्जांहून जास्त डॉलर स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यात घातले. प्रमुख डेनिस मुइलेनबर्ग डिसेंबर २०१९ मध्ये गेले, सुमारे ६.२ कोटी डॉलर घेऊन. माणसांपैकी फौजदारी खटला उभा राहिला तो बोइंगच्या एका तांत्रिक पायलटवर, आणि २०२२ मध्ये ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं. खालच्या माणसाला पुढं करायचं, आमच्या फेटलिंगच्या पोरासारखंच. माझ्या लेखी पहिला दोष ज्यांनी तारीख आणि किंमत ठरवली त्यांचा, म्हणजे संचालक मंडळ आणि प्रमुखांचा. दुसरा एफएएचा. बाकीचे त्यांच्या खूप खाली.

जून २०२५ चा अहमदाबादचा अपघात मी यात धरलेला नाही. ते ७८७, वेगळं विमान. प्राथमिक अहवालात इंधनाचे स्विच बंद झाल्याचं आलंय, तेवढ्यावर कुणाच्या नावानं शेरा मारणं मला पटत नाही.

कंपनीला दोन तारे देतो त्यातला दुसरा सुधारणेसाठी. एमकॅस आता दोन्ही सेन्सर ताडून बघते आणि पायलटना सिम्युलेटरवर बसावंच लागतं. अलास्कानंतर एफएएनं महिन्याला ३८ मॅक्सची मर्यादा घातली आणि ती ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४२ वर जाऊ दिली नाही. तपासणी डिस्पॅच अडवू शकते, हे बघून बरं वाटलं.

तिकीट काढताना विमानाचा प्रकार बघायचा असेल तर ७एम८ असं लिहिलेलं असतं. लेकीनं आमचं पुढचं तिकीट काढलंय, त्यावरही तेच आहे. बायको म्हणाली, या खेपेला खिडकीजवळ मी बसते.